बाथरूममध्ये टांगलेलं मशीन

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि हसलातच तर निदान चहा सांडू नका, कार्पेट नवीन आहे.

तर, माझ्याकडे एक पिस्तूल आहे.

बघा, गेल्या ना भुवया वर! अहो, चालणारं नाही. ब्रिस्टलमध्ये राहतो मी, चंबळच्या खोऱ्यात नाही. महायुद्धाच्या काळातलं जुनं सेमी-ऑटोमॅटिक, कायद्याप्रमाणे निकामी केलेलं, सर्टिफिकेटसकट. त्यातून गोळी सोडा, साधा धूर निघत नाही. या देशात नवा नवा आलो तेव्हा जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात दिसलं आणि जीवच जडला. लोक इथे आल्यावर पहिल्यांदा गाडी घेतात. मी हे घेतलं. माझी बायको केतकी तेव्हापासून त्याला ‘तुझी ती’ म्हणते.

इतकी वर्षं ते लॉफ्टमध्ये पडून होतं. इथली ओल तुम्हाला माहितीच आहे. गेल्या समरमध्ये काढून बघतो तर पार गंजलेलं! म्हटलं, याला नवं रूप द्यायचंच. आणि हे काम मला नाही जमणार तर कुणाला जमणार? विमानाच्या पार्ट्सना गंज लागू नये, याचाच तर पगार घेतो मी.

जुन्या पिस्तुलांना तो निळसर काळा रंग असतो ना, तो चढवायची जुनी पद्धत मोठी मजेशीर आहे. आधीचा गंज काढायचा आणि मग मुद्दाम नवा चढवायचा! औषध लावायचं, दमट जागी टांगून ठेवायचं, छान केशरी गंज आला की पाण्यात उकळायचं. उकळलं की केशरीचं काळं होतं. मग स्टील वूलने, म्हणजे बारीक तारेच्या घासणीने, हलक्या हाताने घासायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. मनासारखा रंग येईपर्यंत हेच. दमट जागा म्हणजे अर्थात आमची बाथरूम.

आणि नेमक्या तेव्हाच नागपूरहून सासूबाई आल्या. सहा महिन्यांसाठी.

केतकीने एअरपोर्टला जाताना गाडीतच बजावलं. “आईसमोर त्या पिस्तुलाचं नावसुद्धा काढायचं नाही. तिला बीपी आहे. आणि तिने अख्ख्या नागपूरला सांगून ठेवलंय की माझा जावई म्हणजे गाय आहे.”

मग काय, गायीने पिस्तुलाची फ्रेम, म्हणजे तो ट्रिगरवाला भाग, जो पाहून कुणीही ओळखेल, तो कपाटात सुटकेसमागे दडवला. पण वरची सरकती स्लाईड, नळी, स्प्रिंग आणि बारीकसारीक पार्ट बाथटबच्या वर दोऱ्यांना टांगलेलेच राहिले. ते पाहून कोण काय ओळखणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासतोय आणि सासूबाई दारात.

“जावईबापू, हे काय टांगून ठेवलं हो? सुकटीसारखं?”

“मशीनचे पार्ट आहेत, आई.”

“कसलं मशीन?”

आता काहीही सांगता आलं असतं. ऑफिसचं म्हणालो असतो. गवत कापायचं म्हणालो असतो. पण त्यांच्या हातात माझाच शर्ट होता, तुटलेलं बटण लावायला घेतलेला, आणि शर्टाला सुई लटकत होती. तोंडात फेस, डोक्यात काही नाही. म्हणालो, “शिवणाचं. जुनं आहे. दुरुस्त करतोय.”

त्यांचा चेहरा असा काही उजळला म्हणता!

“अरे बापा! हातमशीन? काळं असतं तसलं?”

“हो… तसलंच.”

त्या टबच्या काठावर बसल्याच. मग कळलं की नागपुरात घर सोडून फ्लॅटमध्ये जाताना जागा नाही म्हणून त्यांचं मशीन कुणाला तरी देऊन टाकलं होतं. केतकीचे सगळे फ्रॉक त्यांनी त्याच मशीनवर शिवलेले. “हात गेल्यासारखं वाटतं हो मला,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, “माझ्यासाठी आहे ना? सरप्राईज आहे ना? मी केतकीजवळ बोलत नाही, जा.”

मी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते मलाही आठवत नाही.

संध्याकाळी केतकीला सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, “खरं सांगून टाक.”

“तूच म्हणालीस ना, बीपी आहे?”

“मग मशीन आण!”

आणणार कुठून? ऑनलाईन एक सापडलं, ते विचारपूस करेपर्यंत विकलं गेलं. दुसरं सापडलं, त्याचा कुणीतरी टेबल लॅम्प करून ठेवला होता! म्हटलं, दसऱ्याला अजून वेळ आहे, होईल काहीतरी. होईल काहीतरी, ही आमच्या घराण्याची पद्धतच आहे.

इकडे सासूबाईंनी कामाचा ताबा घेतला. “द्या ते इकडे. भांडी तुमच्याहून जास्त घासली आहेत मी.” असा काही हात फिरला त्यांचा की स्लाईडवर रंग एकदम एकसारखा बसला. उकळायला मी वेगळं पातेलं घेतलं होतं, तर म्हणे, “काहून एवढा गॅस जाळता? कुकर लावा ना, तीन शिट्ट्यांत होते!”

“ही स्प्रिंग कशाची हो?”

“दोऱ्याला ताण द्यायची.”

ताण दोऱ्याला नव्हता, मला होता. एका खोट्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. रोज संध्याकाळी शिवणयंत्राचे व्हिडिओ बघून मी दुसऱ्या दिवसाच्या उत्तरांची तयारी करत होतो.

आणि सरप्राईज कसलं राहतंय? केतकीजवळ बोलायचं नव्हतं, इथल्या मराठी मंडळात बोलायला कुणी बंदी केली होती? त्या दिवाळीच्या नाटकाच्या तालमीला गेल्या आणि येताना ब्लाऊजपीसची पिशवी घेऊनच आल्या. इथे ब्लाऊज शिवून मिळणं म्हणजे काय, हे बायकांनाच विचारा. एकीला पफ, एकीला बोटनेक, शुभदाताईंना तर पाठीवर लटकन. सगळ्यांना कबूल! वर आमंत्रणही. “दसऱ्याला आमच्याकडे या. मशीनची पूजा करू आणि मुहूर्ताचं शिवण घालू.”

आपल्याकडे दसऱ्याला ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा होते. सुताराची करवत, आमच्यासारख्यांचा लॅपटॉप. तसं त्यांचं मशीन. यात त्यांचं काय चुकलं?

दसरा उजाडला. पाट मांडला, रांगोळी काढली. लॅपटॉप, विळी, माझा स्क्रूड्रायव्हरचा सेट. आणि मध्यभागी ताटात स्लाईड, नळी, स्प्रिंग. काळीभोर, तेल लावलेली, अशी सुरेख की मला दोन मिनिटं सगळा प्रश्नच विसरायला झाला. सोफ्यावर ब्लाऊजपीसचा ढीग आणि ढिगाशेजारी मालकिणी.

“आणा आता, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. नवी साडी नेसल्या होत्या. “धड आणा मशीनचं. लाजता काय?”

केतकीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत ‘भोग आता’ एवढंच होतं.

मी वर गेलो. कपाट उघडलं. खिडकीतून पळून जावं, असंही मनात आलं, पण खाली शुभदाताईंची गाडी उभी होती. शेवटी फ्रेम घेऊन खाली आलो, पाटासमोर बसलो, नळी बसवली, स्प्रिंग बसवली आणि स्लाईड चढवली. खट्!

सोफ्यावरच्या सगळ्या माना वळल्या.

शुभदाताई पुढे वाकून म्हणाल्या, “अय्या, पोर्टेबल आहे!”

सासूबाईंनी चष्मा लावला. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. मग अगदी शांतपणे विचारलं, “यात दोरा कुठून घालतात?”

“आई,” मी म्हणालो, “यात दोरा नाही घालत. हे पिस्तूल आहे. निकामी आहे, पण पिस्तूल आहे.”

ज्या बीपीसाठी एवढं रामायण केलं, त्या बीपीला काही म्हणजे काही झालं नाही! पिस्तुलाचं त्यांना सोयरसुतकच नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे मशीन नाहीच?”

“नाही.”

“मला वाटलं, माझ्यासाठी…”

खरं सांगतो, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. त्यांनी मात्र बोटावर हळदकुंकू घेतलं आणि पिस्तुलाला लावलं. “दसरा आहे. शस्त्राची पूजा राहू नये.” मग बायकांकडे वळल्या. “ब्लाऊजपीस राहू द्या इथेच.”

माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

पुढच्या शनिवारी मी नॉटिंगहॅमला गेलो. एका म्हाताऱ्या बाईकडे तिच्या आईचं हातमशीन होतं. काळं, वर सोनेरी वेलबुट्टी. लॅम्प करणाऱ्याला द्यायचं नाही, शिवणाऱ्यालाच द्यायचं, असा तिचा हट्ट होता. मी शपथेवर सांगितलं की शिवणारी व्यक्ती घरात उपाशी बसली आहे. सासूबाईंनी ते पुसलं, दोरा ओवला, हँडल फिरवलं आणि “चालतं हो!” म्हणून चक्क रडल्या. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

त्यानंतर आमच्या घरात कपात दोऱ्याचा तुकडा नसलेला चहा मिळाला नाही.

मी इकडे हॉलमध्ये काचेचं कपाट घेतलं आणि पिस्तूल त्यात मांडलं. येणाऱ्याने बघावं आणि विचारावं, काय फिनिश आहे, कुणी केलं? तर एक दिवस ऑफिसमधून येऊन बघतो, पिस्तुलाला झबलं! शुभदाताईंच्या उरलेल्या गुलाबी कापडाचं, खाली झालर, नळीच्या तोंडाशी नाडी आणि नाडीची गाठ मारून केलेलं फूल.

“गंज लागू नये म्हणून,” सासूबाई म्हणाल्या. “एवढी मेहनत घेतली तुम्ही.”

त्याच वीकेंडला ग्रॅहम आला. हा माझा ऑफिसातला मित्र, असल्या निकामी पिस्तुलांचा मोठा शौकीन. ही रंग चढवायची पद्धत मला त्यानेच शिकवलेली. खास माझं काम बघायला आला होता. मी घाईघाईने झबलं काढलं, पिस्तूल उजेडात धरलं. म्हटलं, बघ!

ग्रॅहमने झबलं उचललं. उलटं करून आतली शिवण बघितली. झालर ओढून बघितली. “ब्रिलियंट!” म्हणाला. “माझ्याकडे बरीच आहेत. मापं पाठवू का?”

पिस्तुलाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही हो!

आता त्याच्या क्लबातून ऑर्डरी येतात. सासूबाईंना क्षणाची फुरसत नाही. शिवतात त्या. नाड्या ओवायला मी आहे.