डाव्या पायातला चाळ

आमच्या देवरूखच्या घरात कोरिया शिरला तो माझ्या लेकीच्या मोबाइलमधून. ती अकरावीत आहे. तिच्या खोलीच्या दारावर तिकडच्या गाणाऱ्या मुलांचं चित्र आहे. मी मुद्दाम त्यांची नावं चुकवते आणि ती दर वेळी चिडते. एकदा तिने तोंडाला पेज फासली. कोरियातल्या मुली म्हणे तांदळाच्या पाण्याने चेहरा धुतात. पेज प्यायची असते, एवढ्या साध्या मुद्द्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

गाव आमचं तासाभरावर. गौरीपूजनाच्या दुपारी वाडीत जाखडीचा नाच होतो. मधे ढोलकी आणि गाणारे, भोवती रिंगण धरून नाचणारे, प्रत्येकाच्या उजव्या पायात घुंगरांचा चाळ. माझे चुलत दीर हा नाच बसवतात. या वर्षी नाचणाऱ्यांपैकी तिघांनाच मुंबईहून सुट्टी मिळाली, तीही ऐन गौरीपुरती. यंदा नाच राहू दे, असं भाऊजींनी फोनवर सांगितलं. मला फार वाईट वाटलं. एकदा खंड पडला की रिंगण पुन्हा जमत नाही, हे आम्ही शेजारच्या वाडीत पाहिलं होतं.

लेकीने माझ्या हातून फोन घेतला. देवरूखच्या कॉलेजात वाडीतल्याच पाच मुली होत्या. आम्ही सहाजणी नाचतो, असं तिने सांगून टाकलं. आमच्या वाडीत मुलींनी कधी चाळ बांधला नव्हता. भाऊजींनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. शेतातली कामं टाकून त्यांना इकडे येणं शक्य नव्हतं, म्हणून ते आपल्या अंगणात नाचले आणि त्यांच्या सुनेने ते मोबाइलवर टिपून पाठवलं.

कॉलेज सुटलं की आमच्या गच्चीवर सराव सुरू. पाण्याच्या टाकीवर मोबाइल आणि त्याच्यासमोर सहा पोरी. मोजायच्या त्या कोरियनमध्ये. हाना, तूल, सेत. देवाच्या नाचाला हे कसले आकडे, म्हणून मी रोज करवादत होते. पण सहा पाय असे एकदम पडायचे की मी भाकरी थापता थापता वर जाऊन उभी राहायचे.

गौरीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या गावी गेलो. भाऊजींनी खाली बसून स्वतःच्या हाताने एकेकीच्या उजव्या पायात चाळ बांधला आणि ढोलकीवर थाप मारली. सहा पाय पडले. चाळ वाजलेच नाहीत. सहाही जणींनी डावा पाय टाकला होता.

नाच शिकायचे कोरियन व्हिडिओ म्हणे आरशासारखे उलटवलेले असतात. समोरचा हलतो त्याच बाजूने आपण हलायचं. पोरींना तीच सवय. भाऊजी मात्र समोर तोंड करून नाचले होते आणि त्यांचा व्हिडिओ कोणी उलटवला नव्हता. त्यांचा उजवा तो यांचा डावा झाला.

ढोलकी थांबली. लेक रडवेली झाली आणि कमरेत वाकून, अगदी कोरियन पद्धतीने, काकांची माफी मागू लागली. एका दिवसात पाय बदलणार कसे? आता भाऊजी नाच राहू दे म्हणणार, अशी माझी खात्रीच झाली.

भाऊजींनी एकेकीच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सगल्या सारख्याच चुकल्या गो बाय. मंजे कोनच चुकली नाय."

आणि पुन्हा खाली बसून त्यांनी सहाही चाळ सोडले, डाव्या पायात बांधले. ढोलकी वाजली, आणि या वेळी चाळही वाजले. मी पदराने डोळे पुसले, ते लेकीने पाहिलं आणि त्यावरून ती मला अजून चिडवते.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे तिघे सकाळच्या गाडीने उतरले. दुपारी चाळ बांधून घ्यायला त्यांनी सवयीने उजवा पाय पुढे केला.

"डावा," भाऊजी म्हणाले. "कसा टाकायचा ता पोरींना विचारा."