सकाळी पन्नास, दुपारी एकोणपन्नास

यंदाच्या एक जुलैला मी सकाळी पन्नास वर्षांची होते आणि दुपारी एकोणपन्नासची झाले. पातूरला, आईच्या ओसरीवर बसल्या बसल्या...

आधी माझी एक खोड सांगते. जगात कोणी नाव काढलं की मी सगळ्यात आधी त्याचं जन्मसाल बघते. शाळेत असल्यापासूनची सवय. साल माझं निघालं की ते माणूस आपलंच. मग ते कुठल्या का देशाचं असेना, मी त्याच्या बातम्या घरच्या माणसाच्या असल्यासारख्या वाचते.

माझ्या सालची एक बाई अंतराळात राहून आली. एक टेनिस खेळणारी आहे, एक नटी आहे, एक फुटबॉलवाला आहे, आणि एक जण तर चक्क एका देशाचा पंतप्रधान झाला. यांच्यातल्या कोणालाच मी माहीत नाही, पण त्याने माझं काही अडलं नाही.

हसा खुशाल... पण या लोकांनीच मला चालवलं. अकोल्यात ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं तेव्हा हेच डोळ्यासमोर होते. चाळिशीत गाडी शिकले, तेव्हा टॉवर चौकात सिग्नल सुटला तरी माझी गाडी जागची हलायची नाही. मग मी स्वतःला म्हणायची, वंदना, तुझ्या सालची बाई अंतराळात जाऊन आली आणि तू पहिला गियर टाकायला घाबरतेस? गाडी निघायची. आज मी अकोला-अमरावती रस्त्याला ट्रक ओव्हरटेक करते.

तर यंदा अमरावतीत दुसरं दुकान टाकायचं मी मनावर घेतलं होतं. ब्लाउज, आरी वर्क, सगळं एका छताखाली. जागा मिळाली, फार छान, रस्त्यावरची. पण घरात सगळ्यांचं एकच पालुपद... या वयात कशाला दगदग? आमचे हे तर रोज जेवताना एकदा म्हणायचेच. जागेच्या मालकांना एक जुलैच्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं, आणि माझं हो ठरलेलं होतं. माझ्या सालचे कुठे थांबलेत?

वाढदिवसाला आम्ही पातूरला गेलो. माझी मुलगी मृणाल हिने एक मोठी फ्रेम करून आणली होती. चारी बाजूंनी माझ्या सालच्या नामवंतांचे फोटो आणि मधोमध मी, गळ्यात टेप, हातात कात्री. मला इतका आनंद झाला की मी केक कापायच्या आधी ती आईला दाखवायला नेली.

आई ओसरीवर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. आमचं घर भाजीवाल्यांचं, हात रिकामे ठेवणं तिला जमत नाही. मी एकेक फोटो दाखवून सांगितलं, हे सगळे माझ्याच सालचे. तिने शांतपणे ऐकलं.

मग म्हणाली, "बाई, थे साल तुहं नोहे. विहिरीले पानी लागलं त्याच आठोड्यात तू झाली."

आमच्या विहिरीच्या कठड्यावर मिस्त्रीने ओल्या सिमेंटात साल कोरून ठेवलंय. ते लहानपणापासून मला पाठ आहे, आणि ते माझ्या शाळेतल्या सालाच्या पुढचं आहे. झालं असं की मोठी बहीण शाळेत जायला लागली आणि मी तिच्यामागे रडत जायची. शेवटी गुरुजींनीच तोडगा काढला. वय भरत नव्हतं, म्हणून एक वर्ष मागचं साल लिहून मला वर्गात बसवून घेतलं. तारीख एक जुलै. आमच्या वर्गात अर्ध्या पोरांचा वाढदिवस एक जुलैलाच असायचा, ते तुम्हालाही माहीत असेल... पण साल? साल तरी माझं असेल असं वाटलं होतं.

एखादी म्हणाली असती, बरं झालं, एक वर्ष फुकटात मिळालं. मला मात्र खरंच वाईट वाटलं. फ्रेममधले सगळे एकदम परके दिसायला लागले. ज्यांच्या जोरावर मी आजवर उड्या मारल्या, ते माझे कोणीच नव्हते. आणि नेमकी त्याच वेळी अमरावतीची भीती वाटायला लागली. मी आईला म्हणाले, राहू दे, नाहीच म्हणून कळवते.

तिला आधी कळेचना की फोटोंचा आणि दुकानाचा काय संबंध. मी सगळं सांगितलं, अगदी गियरसकट. ती जुडी बांधायची थांबली.

"मले त माहं सालच मालूम नाई," ती म्हणाली. "मंग मी कोनाले पाहून बजारात बसली अशीन?"

आमच्या घरात बाजारात माल घेऊन पुरुषच बसायचे. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन आई पहिल्यांदा गेली. नातेवाईक चार दिवस नावं ठेवत होते. ती बसली ती बसलीच, आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं होईपर्यंत. तिच्या पुढे कोणी नव्हतं. आणि मी आयुष्यभर जन्मसालं बघत जगभर फिरत होते...

ओसरीवरूनच अमरावतीला फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं. मग केक कापला. मेणबत्ती पन्नासचीच होती, तीच विझवली.

गेल्या आठवड्यात दुकान सुरू झालं. ती फ्रेम तिथेच काउंटरच्या मागे लावलीय. अंतराळवाली आहे, टेनिसवाली आहे, पंतप्रधानही आहेत, इतक्या वर्षांचा घरोबा असा कसा तोडायचा? फक्त मधला माझा फोटो काढून तिथे आईचा लावला.

काल एका ताईंना सांगत होते की हे सगळे एकाच सालचे. त्यांनी विचारलं, या मधल्या कोण, यांच्याच सालच्या का?

म्हटलं, साल माहीत नाही. आई आहे माझी.