डाव्या गालावरचा उजेड

काचबिंदूने अब्बांची नजर गेली, तरी उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढं त्यांना कळतं. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला जायचं तरी माझा नाहीतर बायकोचा हात लागतो. आणि हात लागला की त्यांचा चेहरा असा होतो की बघवत नाही. शाळामास्तर माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांचे कान धरलेले.

एकाच ठिकाणी ते कुणाचा हात धरत नसत. बुधवार पेठेजवळच्या गल्लीतली आमची जुनी दगडी मशीद. तिच्या दक्षिणेच्या भिंतीत पुरुषभर उंचीची दगडी जाळी होती. बांधणाऱ्याने काय हिशेब केला होता कोण जाणे, पण आत कुठेही उभे राहा, उजेड त्या एकाच बाजूने यायचा. मी नकाशे काढून पोट भरतो. असं काही मला या जन्मात जमायचं नाही. दुपारच्या नमाजेला मी अब्बांना दाराशी सोडायचो आणि मुद्दाम मागे राहायचो. ते डाव्या गालावर उजेड घ्यायचे आणि सरळ चालत पहिल्या रांगेत जाऊन उभे राहायचे. डावीकडे उजेड म्हणजे समोर पश्चिम, नमाजेत जिकडे तोंड करायचं तो काबा, इतकं सोपं. तेवढ्या वेळापुरते ते पुन्हा मास्तर असायचे.

गेल्या उन्हाळ्यात तिथल्याच एका दुकानदाराने आपल्या वारलेल्या आईच्या नावाने मशिदीला एसी द्यायचं ठरवलं. असं दान दिलं की त्याचं पुण्य त्या गेलेल्या माणसाला पोचतं. त्याला नको म्हणायचं म्हणजे त्या बाईचं पुण्य अडवायचं. कोण म्हणणार? मी म्हणालो. शहाणा ना!

"एसीसाठी जाळी बुजवावी लागेल," मी बैठकीत म्हणालो. "त्यापेक्षा पंखे वाढवा."

"इंजिनियरसाहेब," एक चाचा म्हणाले, "आपण धायरीहून येता, उजेड बघता, जाता. उकडतं आम्हाला."

सगळे हसले. मी अब्बांकडे वळलो. तिथले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. ते नको म्हणाले असते तर कुणाची टाप नव्हती पुढे बोलायची. अब्बा म्हणाले, "आईसाठी देतोय तो. बसवा."

परतताना स्कूटरवर मी भडकलोच. "काय घालवलंत ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. गाडी नीट चालव."

जाळीवर आतून बोर्ड ठोकले, वर पांढरा रंग दिला, त्यावर एसी लावला. छताला एलईडीचे चौकोन, दाराला काळी फिल्म लावलेली काच. लग्नाचा हॉल झाला नुसता! लोक मात्र खूश होते, आणि खरं सांगायचं तर गार वाटतही होतं. अब्बा दारातच थांबले.

"उजेड भरपूर आहे रे," ते म्हणाले, "पण कुठून येतोय?"

कुठून म्हणून सांगू? सगळीकडूनच येत होता. मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

पुढच्या आठवड्यात त्यांना दाराशी उतरवलं आणि मी गाडी लावायला जागा शोधत फिरलो. पेठेत जागा मिळणं म्हणजे नशीबच. आत आलो तेव्हा जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, उभी राहायला वेळ होता. अब्बा त्याआधीची नमाज एकट्याने पढत होते, दक्षिणेकडे तोंड करून. समोर एसी.

बसलेली माणसं बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. तो दुकानदारही होता, खाली मान घालून. जाऊन खांदे धरून त्यांना वळवायचं. तसं केलेलं चालतं, त्यात काही गुन्हा नाही. पण मी दाराशीच उभा राहिलो. वळवायचं म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं, की आता इथेही तुम्हाला हात लागणार. अरे, कोणत्या तोंडाने सांगू? रडू येत होतं, रागही येत होता, आणि कुणावर काढावा तेच कळत नव्हतं.

त्यांनी उजवीकडे, डावीकडे मान वळवून सलाम फिरवला, नमाज संपवली. मी जवळ जाऊन बसलो. माझा हात चाचपून त्यांनी हळूच विचारलं, "बरोबर उभा होतो ना रे?"

"हो, अब्बा."

त्यांचा चेहरा सैलावला. त्यांनी दोन्ही हात पसरले, आणि गार हवेच्या झोताकडे तोंड करून त्या दुकानदाराच्या आईसाठी दुआ मागायला लागले.