वांगेवालीचा आरसा

वर्ध्याच्या बाजारातली माझी नेहमीची वांगेवाली टोपलीशेजारी एक गोल आरसा ठेवते. नटायची हौस म्हणावी, तर कपाळावरचं कुंकू कायम फिसकटलेलं. काल कोडं सुटलं. अनवाणी फिरून भाजी मांडून झाल्यावर तिनं चक्क पायाचा तळवा आरशात न्याहाळला.

"शुगरनं पायाच्या नसा मेल्या, बाई. काही लागलं तं समजतच नाई. सावंगीची डॉक्टरीण म्हणे, रोज तळवे आरशात पाहत जाजो."

तळव्यात वांग्याच्या देठाचा काटा रुतला होता.

"काढून द्या नं, बाई. बोटंबी बधिरच हायेत माही."

मी काटा ओढला. रक्त आलं. ती शांत बसली होती, "आई गं!" निघालं ते माझ्याच तोंडून.

ती खुदकन हसली. "बरं झालं, कोणाले तरी दुखलं!"