निळी पूड आणि आईच्या टाचा

"चप्पल काढ," सर म्हणाले.

त्यांच्या केबिनमध्ये क्रीम बनवणाऱ्या कंपनीचे दोन पाहुणे बसले होते. मला वाटलं, फरशीवर काही सांडलंय. मी चप्पल काढली.

"वळ. टाच दाखव."

मी वळले. सरांनी हातातलं पेन माझ्या टाचेकडे केलं. "ही मिठागरातली. सुट्टीत तिथे राबते, तर ही भेग. हिच्या आईची काय असेल, विचार करा."

एका पाहुण्याने विचारलं, "आई तयार होईल?"

"तिला कोण विचारतंय? फुकट औषध म्हटलं की या लोकांची रांग लागते."

तिघं हसले. मी एक पाय उचलून उभी होते. तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

हे मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कासू स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. मी गाडीने रोह्याला जायचे. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, आणि प्रोजेक्ट सरांच्या हाताखाली. विषय कॉपर पेप्टाइड. म्हणजे प्रथिनाचा अगदी लहान तुकडा, त्याला तांबं जोडलेलं. म्हणून त्याची पूड निळी. त्वचेची जखम भरताना तो काय करतो, हे आम्ही काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर बघत होतो. पेशींवर. माणसावर नाही.

पूड मागवण्याचं काम माझ्याकडे होतं. एक विक्रेता स्वस्तात द्यायला तयार होता, पण त्या बॅचच्या शुद्धतेचा अहवाल मागितला की फोन उचलायचा नाही. मी दुसरा शोधला. सर म्हणाले, "मोठी आलीस अहवाल बघणारी." पण माल माझ्याच विक्रेत्याचा आला, बर्फाच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून. त्या इवल्या बाटल्या मी फ्रीजरमध्ये कशा लावल्या ते मलाच माहीत. कुणी हात लावला तरी मला राग यायचा.

पाहुणे गेल्यावर सरांनी त्यातलीच एक सीलबंद बाटली मला दिली. सोबत पूड विरघळवायला निर्जंतुक पाणी आणि ते मोजून घ्यायला सिरिंज. "आईच्या एका टाचेला लाव. दुसरी तशीच ठेव. दोन्हींचे फोटो आण. लावण्याआधीचेही."

"सर, माणसावर लावायचं तर परवानगी... समितीची?"

"तुझ्या आईच्या पायाला समिती लागते?" ते म्हणाले. "प्रोजेक्टवर सही माझी हवी ना?"

मी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि गाडीत बसले. खरं सांगते, मनात एवढंच होतं की आईच्या भेगा भरल्या तर बरंच आहे. मीठ पिकवायच्या आधी वाफ्याचा तळ पायाने तुडवून घट्ट करावा लागतो. खारा चिखल, अनवाणी पाय, वर ऊन. आईच्या टाचेच्या भेगेत नखाचं टोक जातं. मीठ भरलं की ती चालताना फक्त पायाची कड टेकवते.

आईला सांगितलं, सरांनी औषध दिलंय. तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. तिने पाय घासून धुतले, पुसले आणि ओटीवर पसरून बसली. शेजारच्या काकीला हाक मारून म्हणाली, "माज्या पोरीच्या सायबानं दवा धाडलीय गो."

काकी म्हणाली, "आता सिनेमात जा तू, पाय दावायला."

दोघी हसल्या. मी मोबाइल काढला. फोटो काढायचे होते ना. आईने पदर सारखा केला. तिला वाटलं, फोटो तिचा काढायचाय.

बाटली लगेच उघडता येत नव्हती. थंड बाटली उघडली तर हवेतला दमटपणा आत शिरतो, पूड ओलावते आणि मग ती खात्रीची राहत नाही. बाहेरच्या हवेइतकी उबदार होईपर्यंत ती बंदच ठेवायची, हा नियम. मी बाटली ओटीवर ठेवली आणि आम्ही वाट बघत बसलो.

आईने ती उचलून उजेडात धरली. "रंग लय चांगला हाय. काय लिवलंय गो त्याच्यावर?"

मी शंभर वेळा वाचलेलं होतं. तोंडातून मात्र निघेना.

"सांग ना. इंग्लिश हाय का?"

"आये, लिवलंय... फक्त संशोधनासाठी. माणसावर वापरू नये."

आईने बाटली खाली ठेवली, सावकाश, फुटेल अशी. पाय आत घेतले. त्यांच्यावर लुगडं ओढलं.

"तुज्या सायबाला वाचता येतं ना?"

"येतं."

"मंग मी कोन हाय?"

काकी उठून गेली. मी मोबाइल उलटा ठेवला. केबिनमध्ये मला लाज वाटली होती, माझ्या टाचेची. ओटीवर ती लाज गेली. तिच्या जागी जे आलं, ते अजून आहे.

सकाळी बाटली तशीच, सील न तोडता, सरांच्या टेबलावर ठेवली. बाकीचे विद्यार्थी तिथेच होते.

"फोटो?" सरांनी विचारलं.

"नाही काढले. माझ्या आईचे पाय मिळणार नाहीत, सर."

"मग सहीही मिळणार नाही. जा, मीठ ओढ."

"मीठ ओढीन. पण बाटलीवरचं तुम्ही वाचलं होतं. वाचून दिलीत. लावून बघायचीच असेल तर टाच तुम्हालाही आहे. चप्पल काढा."

कुणी हसलं नाही. माझ्याबरोबरचे तिघं मान खाली घालून उभे राहिले. त्यांचीही नोंद माझ्याकडे आहे.

सही मिळाली नाही. वर्ष गेलं. घडलं ते सगळं मी विभागात लेखी दिलंय, माझ्या नावाने. उत्तर आलेलं नाही. सर त्याच केबिनमध्ये बसतात.

मी पुन्हा प्रवेश घेतलाय. विषय तोच, कॉपर पेप्टाइड. तो मी सरांसाठी सोडणार नाही. एक दिवस माणसावर वापरायचं औषध माझ्या हातात येईल. तेव्हा ज्याला लावायचं, त्याला आधी बाटली वाचून दाखवीन, त्याच्या भाषेत, शेवटच्या ओळीपर्यंत. तो नको म्हणाला तर झाकण उघडणार नाही.

आणि सरांना माफ करणार नाही.