कमरेवरची कळशी आणि भाऊंचं पेज

मी आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांचं पेज सांभाळते. लोक त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या वतीने मी दसऱ्याला सोनं वाटते, अनोळखी माणसांच्या निधनाने हळहळते आणि रोज सकाळी सातला जनतेला सुप्रभात म्हणते. त्या वेळी भाऊ झोपलेले असतात. घरी एवढंच माहीत होतं, की मी भाऊंच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते.

बेलवलीत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पाणी तिथवर चढत नाही. मी कामाला गेले की सासूबाई एका हाताने कठडा धरून, कमरेवर कळशी घेऊन जिना चढायच्या. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. म्हणून भाऊंनी आमच्या गल्लीत नव्या पाइपलाइनचा नारळ फोडला तेव्हा मी अगदी मनापासून लिहिलं, 'दिलेला शब्द पाळला! आता एकाही माऊलीच्या कमरेवर कळशी दिसणार नाही.' काम व्हायचं होतं, पण नारळ फुटला की काम झालं असंच लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. काम होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर पेज ओस पडेल.

फोटोसाठी टेम्पोतून पाइप आले होते. चार दिवसांनी ते पुन्हा टेम्पोत चढून पलीकडच्या गल्लीत गेले. तिथल्या फोटोत मी त्यांना हारासकट ओळखलं. तिथलंही मीच लिहिलं, शब्द तेवढे बदलले.

पंधरा दिवस वाट बघून सासूबाई म्हणाल्या, "अगो, तू एवढी ऑफिसात जातेस, जरा पाण्याच्या ऑफिसात पण जाऊन ये."

गेले. खिडकीवरच्या क्लार्कने अर्ज हातातही घेतला नाही. मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, काम कम्प्लीट आहे. हे बघा, भाऊंनी स्वतः टाकलंय."

आपलेच दात, आपलेच ओठ. पोस्टमधलं माझं ते वाक्य मला पहिल्यांदाच खोटं वाटलं, आणि ते किती छान जमलंय हेही तेव्हाच जाणवलं.

क्लार्क काय म्हणाला ते घरी सांगितलं. पोस्ट कोणी लिहिली ते नाही सांगितलं. "मग मी त्याच्याखालीच लिवते," सासूबाई म्हणाल्या. नुकत्याच त्या मोबाइलवर लिहायला शिकल्या होत्या. चष्मा लावून, एका बोटाने, तासभर खपून त्यांनी लिहिलं, 'भाऊ, कळशी अजून माझ्या कमरेवर आहे. एकदा येऊन बघा.'

गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याला लाइक केलं. संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "ताई, ती म्हातारी कोण आहे? विरोधकांनी बसवलेली दिसते. कमेंट उडवा."

"हो भाऊ," मी म्हटलं. सासूबाई शेजारीच मेथी निवडत होत्या. मला लाज वाटली, खूप वाटली, पण बोट काही थांबलं नाही.

सकाळी उठल्या उठल्या त्यांनी पोस्ट उघडली, दोनदा वरखाली केली. "माझं लिवलेलं दिसत नाय गो."

"नेटवर्क नसेल, आई."

"असंल. भाऊंनी वाचलं असंल तरी पुरे."

त्या कळशी घेऊन जिना उतरायला लागल्या. सात वाजले होते, म्हणून मी जनतेला सुप्रभात म्हटलं.