जावयाची फ्लॉपी

मशीनच्या वर, भिंतीवर, मी स्वतः कंपोज करून कागद चिकटवला होता: 'बाहेरची फ्लॉपी लावली जाणार नाही.' चांगला ठसठशीत, लांबून वाचता येईल असा. येणारा प्रत्येक माणूस तो वाचायचा, मान डोलवायचा आणि खिशातून फ्लॉपी काढायचा.

नव्वदीच्या मध्याची गोष्ट. जळगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांची, म्हणजे आबांची, शिशाचे खिळे जुळवून छापायची प्रेस होती. ट्रेडल मशीन थकलं, आबांची नजर अधू झाली, आणि नवऱ्याला पाइपच्या कारखान्यातली नोकरी सोडायची नव्हती. खोली एका एसटीडी बूथवाल्याला भाड्याने द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी मध्ये पडले. म्हटलं, कॉम्प्युटर घेऊ, लग्नपत्रिका छापू, मी शिकते. आबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "ही एक लगीनसराई बघू. मशीनने आपला खर्च काढला तर खोली तुझी. नाहीतर बूथवाला आहेच." तो बूथवाला अधूनमधून सहज म्हणून यायचा आणि दारात उभा राहून खोलीची लांबीरुंदी नजरेने मोजायचा. त्याला पाणी द्यायलासुद्धा मला जिवावर यायचं.

कॉम्प्युटर घेताना कॉम्प्युटरचे पैसे लागतात एवढंच मला माहीत होतं. बाकीचं मग एकेक कळत गेलं. आमच्या गल्लीतलं व्होल्टेज बघून स्टॅबिलायझर घ्यावा लागला. वीज जायची म्हणून यूपीएस. मराठी टायपिंगचा प्रोग्राम घेतला, तर त्याच्यासोबत मशीनच्या मागे खोचायचं काडेपेटीएवढं एक कुलूप आलं. ते हरवलं तर नव्याने पूर्ण पैसे. प्रिंटरची शाई तर सोन्याच्या भावाची, आणि आमच्या जळगावात सोन्याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! त्यात चैत्र-वैशाखातलं इथलं ऊन. दुपारी मशीन तापून गप्प बसायचं, म्हणून त्याला कूलर. माणसं पंख्याखाली घाम पुसत, आणि मशीन कूलरसमोर.

त्यावर व्हायरस. गिऱ्हाईक दुसऱ्या प्रेसमध्ये केलेली जुनी पत्रिका फ्लॉपीवर घेऊन यायचं, "फक्त नावं बदला ताई, पैसे कमी करा," म्हणायचं, आणि त्या फ्लॉपीबरोबर काय काय आत यायचं ते देवाला ठाऊक. इंजिनियर नाशिकहून यायचा, येण्याजाण्याचे पैसे वेगळे घ्यायचा. त्याने व्हायरस मारायचा प्रोग्राम विकला. काही महिन्यांनी म्हणाला, हा जुना झाला, आता नवा घ्या. आबा हसले. म्हणाले, "रोग फुकट, आणि लस दर खेपेला विकत. धंदा करावा तर याने." मला हसू आलं नाही. हिशेब मला द्यायचा होता.

म्हणून मी नियम केला. बाहेरची फ्लॉपी नाही म्हणजे नाही. दर शनिवारी सगळं काम माझ्या स्वतःच्या फ्लॉप्यांवर उतरवायचं, फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून बंद करायची, म्हणजे तिच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही, आणि डबा कपाटात. गिऱ्हाईकं रुसली, एकदोन गेलीही. पण मशीन धडधाकट चाललं आणि पैसे दिसायला लागले. धरणगावच्या एका मोठ्या घराचं काम मिळालं. तीन भावंडांची लग्नं एकाच मांडवात आणि पत्रिकेत अख्खी भाऊबंदकी. एक नाव खालीवर झालं तर मांडवात भांडण, म्हणून त्या लोकांनी चारदा येऊन प्रूफ तपासलं होतं. एवढं काम हातावेगळं झालं की खोली माझीच, हे आबाही बोलून गेले होते.

आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंद माहेरी आली. तिला सोडायला जावई आले, सुरतेहून.

जावई तिथे कपड्याच्या मार्केटात होते. भपकेबाज माणूस. आल्या आल्या खिशातून फ्लॉपी काढली आणि म्हणाले, "वहिनी, यात कुंडलीचा प्रोग्राम आहे. जन्मवेळ टाका, सगळं आयुष्य कागदावर. मार्केटमध्ये सगळ्यांकडे आहे."

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. अगदी हसून केलं. म्हटलं, "पाहुणे, रागावू नका, पण मशीनला रोग लागतो. धंद्याचं मशीन आहे."

ते माझ्याशी पुढे बोललेच नाहीत. वळून नणंदेला म्हणाले, "बघ तुझ्या माहेरची रीत." आवाज चढवला नाही. नणंद पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती एकदम बोलायला लागली, "वहिनी, लावा ना, लावा, काही होत नाही." तिची ती घाई मला खटकली. मला वाटलं, नवऱ्यापुढे मिरवायचंय तिला.

आतून सासूबाई आल्या. त्यांचं माहेर धुळ्याकडचं. चिडल्या की अहिराणीच. "पाव्हना सांगी र्‍हायना आन तू त्याले नही म्हनस? जवाई शे तो ह्या घरना!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कूलरच्या पाण्याची पातळी बघत होता. आबांनी वर्तमानपत्र उघडलं. मला बाकी काही नाही, पण निदान एकाने तरी त्या कागदाकडे बघायला हवं होतं. मी उठले आणि खुर्ची दिली.

जावई हा दहावा ग्रह म्हणतात. प्रोग्राममध्ये नऊच होते, दहावा माझ्या खुर्चीवर बसला होता. दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली. शेजारीपाजारी पोराबाळांच्या जन्मवेळा चिठ्ठीवर लिहून आणू लागले. माझा कागद, माझी शाई आणि ह्यांचा मान. संध्याकाळच्या गाडीने जावई सुरतेला परत गेले, सगळ्यांचा निरोप घेऊन, खूश होऊन. नणंद महिनाभर राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरूच होईना. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ. नाशिकचा इंजिनियर आला, दोन तास खटपट करून म्हणाला, सगळं गेलं, पुसून नव्याने बसवावं लागेल. मी म्हटलं, बसवा, माझ्या फ्लॉप्या आहेत. कपाट उघडलं. डबा रिकामा.

नवरा शांतपणे म्हणाला, "त्या? पाहुण्यांना प्रोग्रामच्या कॉप्या करायच्या होत्या, नातेवाइकांना द्यायला. मी दिल्या काढून. खिटी बंद होती, त्यांनी उघडली. कोऱ्या आणून देतो की तुला." वर म्हणाला, "त्यात नुसती नावंच होती म्हणे."

नावंच होती! धरणगावच्या तीन नवऱ्यांची, तीन नवऱ्यामुलींची आणि अख्ख्या भाऊबंदकीची. मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर टेलिफोनकडे गेले. सुरतेचा नंबर लावायचा आणि जावयाला स्पष्ट सांगायचं, तुमच्या फ्लॉपीने माझा धंदा बुडवला, नुकसान भरा. नणंदेने माझ्या हातातला रिसीव्हर काढून घेतला. हिसकावलाच. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"त्यांना कळायला नको, वहिनी. काय सांगायचं ते मला सांगा. त्यांना नको."

मी सासूबाईंकडे वळले. म्हटलं, "अक्का, बघा तुमच्या पोरीला नवऱ्याचा किती पुळका." सासूबाई भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत.

"त्याले आठे नही म्हनं तं राग आठे निंघत नही, माय. तठे निंघस. मनी आंडेरवर."

तठे म्हणजे तिथे, सुरतेला. आंडेर म्हणजे लेक. एवढंच बोलल्या आणि भाकरी तव्यावर टाकली. म्हणजे त्यांना माहीत होतं. आबांनाही असणार. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मिळून त्यावर एकच उपाय काढला होता, जावयाला नाही म्हणायचं नाही. मला इतका संताप आला की तो कुणावर काढावा तेच कळेना.

पत्रिका आम्ही दोघींनी पुन्हा उभ्या केल्या. धरणगावहून जुन्या प्रुफांचे चुरगळलेले कागद मागवून आणले. नणंद वाचायची, मी टाइप करायचे. तिचा आवाज स्वच्छ होता, चूक पटकन दिसायची, आणि गिऱ्हाइकाशी ती माझ्यापेक्षा गोड बोलायची. कामाच्या भरात मध्येच थांबून विचारायची, "सुरतेला कोणी सांगितलं नाही ना?" मी नाही म्हणायचे. पत्रिका वेळेवर गेल्या. बाकीची दोनतीन कामं हातची गेली, इंजिनियरने भरपूर घेतलं, पण खर्च निघाला. आबांनी बूथवाल्याला नाही सांगितलं. नणंद सुरतेला परत गेली.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी मी एक जुनं मशीन विकत घेतलं. एका पतपेढीने काढून टाकलेलं, हिरव्या अक्षरांचं. माझ्या मशीनला त्याची वायर नाही, प्रिंटर वेगळा, खडखड करणारा. नवरा म्हणाला, वेड लागलं का, हा कसला खर्च? मी म्हटलं, हा जावयाचा मानपान समज. साडी-टोपीचे पैसे यात धर.

जावई नणंदेला सोडायला आले, फ्लॉपी घेऊनच आले. त्यांच्यासाठी वेगळा कॉम्प्युटर मांडलेला बघून छाती फुगली. "वहिनी, याला म्हणतात रीत," म्हणाले आणि जाऊन बसले. मी माझ्या मशीनवर निर्धास्त काम करत होते.

नणंद माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. वाळली होती. ती इकडची वायर बघत होती, तिकडची बघत होती. मग हळूच, आईसारखी अहिराणीत, म्हणाली, "वहिनी, त्या मशीनना रोग तुमना मशीनमा जावाव नही ना?"

"नाही. म्हणून तर घेतलं."

"खर्च बी लागना व्हई."

"लागला ना. पण धंदा वाचवायचा तर करावा लागतो."

ती आणखी जवळ वाकली. तिकडे प्रिंटर खडखडत होता, म्हणून तिचं बोलणं फक्त मलाच ऐकू आलं. "मनाकरता बी आठे येखादी येगळी जागा शे का, वहिनी?"

माझे हात थांबले. वर्षभर मी मशीनचा विचार केला होता. पैसे साठवले, पतपेढीत खेटे घातले, हे सगळं एका यंत्राला जावयाचा उपद्रव होऊ नये म्हणून. आणि ही घरची लेक. तिच्यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून काय केलं होतं? जावयाला पुरणपोळी वाढली होती.

कुणाला न विचारता मी म्हटलं, "आहे. ह्याच खोलीत आहे." आणि मोठ्याने, तिकडे ऐकू जाईल असं म्हटलं, "पाहुणे, हिला यंदा महिन्यापुरती नाही, कायमचीच ठेवून घेणार मी. मला कामाला माणूस लागतंय."

जावई फिरले. हसत होते, पण हसू अर्धंच होतं. नणंदेकडे बघून म्हणाले, "असं का? तूच सांग, राहायचंय तुला?"

तिने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. नवरा नेहमीसारखा कूलरकडे सरकला. मला वाटलं, आता आतून सासूबाई येणार आणि मला झापणार, जवाई शे तो ह्या घरना.

सासूबाई आल्याच. हातात चहाचा कप होता. तो त्यांनी जावयासमोर ठेवला, पदर नीट केला आणि उभ्या राहिल्या.

"चहा घ्या, पाव्हना, आन संध्याकाळनी गाडीनी जा," त्या म्हणाल्या. "पोर आठेच र्‍हाई."